आधी ट्रेक, मग गरम पाण्याचं कुंड

दोघांनी शरद ऋतूत रोड ट्रिप काढायची असेल तर दिवसाचा क्रम आधी ठरवा, सकाळी ट्रेक आणि दुपारनंतर गरम पाण्याचं कुंड, उलटं अजिबात नको कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी खाली येतं आणि मग चढायला पायात जीवच राहत नाही. या दिवसांत अंधार लवकर पडतो, म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी खाली यायचं असं धरूनच निघा, हेडलॅम्प तरीही घ्याच.

कुंडात उतरण्याआधी हात घालून बघा, पाणी 40 अंशांच्या वर असेल तर उतरू नका. एका वेळी 10-15 मिनिटं पुरे, मध्ये पाणी प्या, दारू नको. आणि डोकं पाण्याखाली घालू नका प्लीज, नैसर्गिक कोमट-गरम पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो, दुर्मीळ आहे पण जीवघेणा आहे. बायको प्रेग्नंट असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. चांदीची अंगठी, पैंजण काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात.

बाहेर आल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका, जाम झोप येते, मुक्काम जवळच ठेवा.