वाळूत तंबू घट्ट कसा बसवला

केळशीच्या किनाऱ्यावर आमच्या तंबूच्या खुंट्या टिकतच नव्हत्या. दुपारी खारा वारा सुटला की एकेक उपटून यायची. लांब खुंट्यांनीही फरक पडला नाही. कोरडी, भुसभुशीत वाळू खुंटी धरूनच ठेवत नाही.

मग पिशव्या वापरल्या. जुन्या कापडी पिशवीत वाळू भरायची, तोंड बांधायचं, मधोमध दोरी आवळायची आणि हातभर खोल खड्ड्यात ती आडवी पुरायची. वरून ओली वाळू पायाने दाबत भरायची. आता दोरी जोर लावून ओढून बघा, हलणार नाही! समुद्राकडच्या बाजूला पिशव्या मोठ्या घ्या, दुपारचा मारा तिकडूनच असतो.

रात्री वारा फिरतो, जमिनीकडून मतलई वारा येतो. म्हणून दोन्हीकडच्या खिडक्यांवर नुसती जाळी ठेवतो. सगळं बंद केलं तर श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते.

जागा सुरूच्या बनाच्या आडोशाला, पण वाळक्या फांद्यांखाली नको. भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीच्या पाऊणपट धरतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर चढतं, तेव्हा वाळक्या शेवाळाची सगळ्यात वरची रेघ शोधा आणि तिच्याही बरंच वर राहा.

आणि हो, तंबू अंथरण्याआधी खांदा नि कंबर येईल तिथे वाळूत उथळ खळगे करा. पाठ अजिबात अवघडत नाही.