पीएफच्या स्लाइडपासून टी पेशींपर्यंत: पेशींवरच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

माझी आई आमच्या गावची आशा कार्यकर्ती. गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं. नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस बाहेरचं कोणी पोहोचत नाही. तिच्या पत्र्याच्या डब्यात मलेरियाच्या किट, लॅन्सेट, काचपट्ट्या आणि गोळ्यांची पाकिटं असायची. रोवणीच्या दिवसांत दिवेलागणीला कोणीतरी घोंगडं पांघरून अंगणात येऊन बसायचं. आई बोट पुसायची, टोचायची, पहिला थेंब कापसानं टिपून घ्यायची आणि दुसरा किटवर सोडायची. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मी कंदील धरून रेषा उमटताना बघायची. "पीएफ हाय," ती म्हणाली की त्या घरची माणसं गप्प व्हायची, कारण पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, मलेरियाचा सगळ्यात घातक परोपजीवी, आणि तो डोक्यात गेला तर काय होतं हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढे मी त्याच फाल्सिपेरमने ग्रासलेल्या तांबड्या पेशींवर पीएचडी केली आणि आता कर्करोगाच्या जीन थेरपीवर काम करते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडची बीएस्सीची मुलं-मुली मला दोन प्रश्न विचारतात. एक, तिथवर पोहोचायचं कसं? दोन, तिथे दिवसभर करतात काय? पहिल्याचं उत्तर कुठल्याही शिकवणी वर्गात मिळतं. दुसऱ्याचं कोणी देत नाही, आणि पाच-सहा वर्षं त्या दुसऱ्यातच जातात. म्हणून तिथूनच सुरू करते.

मलेरियाच्या प्रयोगशाळेत तुम्ही आधी सांभाळणारे असता, संशोधक नंतर. फाल्सिपेरम शरीराबाहेर सतत वाढवता येतो हे ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 साली दाखवलं. तेव्हापासून पद्धत मूळची तीच आहे: माणसाच्या तांबड्या पेशी, त्यांना पोसणारं लालसर द्रव माध्यम, 37 अंश तापमान आणि हवेपेक्षा खूप कमी ऑक्सिजन. आमच्याकडे 1 टक्का ऑक्सिजन, 3 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन असं मिश्रण होतं. पेशी फ्लास्कच्या तळाशी बसतात. वरचं जुनं माध्यम तळ न ढवळता ओढून काढायचं आणि कोमट केलेलं नवं घालायचं. हे रोज. रविवारी, पोळ्याला, दिवाळीलासुद्धा. परोपजीवीचं चक्र 48 तासांचं असतं: आधी अंगठी, मग फुगत जाणारा ट्रोफोझोइट, मग शायझॉन्ट, शेवटी पेशी फुटते आणि 16 ते 32 नवे परोपजीवी बाहेर पडून पुढच्या पेशींत शिरतात. तुमच्या प्रयोगाला अंगठ्या हव्या असतील आणि त्या रात्री दोनला तयार होणार असतील, तर तुम्ही रात्री दोनला तिथे असता. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा. माझ्या बाबांना पहिली दोन वर्षं वाटत होतं की मला कुणीतरी मुद्दाम राबवतंय.

रोज एक स्लाइड करायची. थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं एका दमात ओढायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा, जिम्सा नावाचा रंग लावायचा, धुवायचा, वाळवायचा. मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली हजार पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती ग्रासलेल्या ते लिहायचं. सुरुवातीला मी रंगाचे कणही परोपजीवी म्हणून मोजले होते. डोळा बसायला मला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही. नव्यांची घाई इथेच नडते. यंत्र आकडा देतं म्हणून डोळ्यानं बघणं सोडू नका.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण मला वाटतं मी तिथेच संशोधन शिकले.

दुसऱ्या वर्षी माझी कल्चर, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेले परोपजीवी, वाढेनाशी झाली. परवानगी घेऊन, संमतीपत्र भरून आम्हा काही जणांचं रक्तही कल्चरसाठी घेतलं जायचं; त्या वेळी माझं होतं. अंगठ्या दिसायच्या, पण पुढे मोठ्या होत नव्हत्या. आकसलेल्या, गडद ठिपक्यांसारख्या पडून राहायच्या. मी माध्यम बदललं, ग्लुकोज तपासलं, गॅसचा सिलिंडर बदलून घेतला. दोन आठवडे गेले. एका वरिष्ठ ताईनं एवढंच विचारलं, "रक्त कुणाचं आहे?" मी माझं नाव सांगितलं. "गाव?" मी गडचिरोली म्हटलं, आणि ती उठून विद्राव्यता चाचणीची नळी घेऊन आली. माझ्या रक्ताचा थेंब टाकल्यावर द्राव गढूळ झाला, नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या. मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दोन पट्टे आले, नेहमीचा ए आणि सिकलसेलचा एस. मी सिकलसेलची वाहक होते.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "तुया बाबाचं कार्ड एएसचंच हाय ना. शाळेत शिबिर झालं त्या दिवशी तू वडशाले गेली होतीस, तवापासून तुयं राहूनच गेलं."

एएस पॅटर्न असलेल्यांना, म्हणजे माझ्यासारख्या वाहकांना, जीवघेणा फाल्सिपेरम कमी होतो, हे अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. ऑक्सिजन कमी असला की एएस पेशीत परोपजीवीची वाढ अडते, हे 1978 मध्ये कल्चरमध्ये दिसलं. मी दोन्ही वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि 1 टक्का ऑक्सिजनमध्ये माझ्याच पेशी ते मला दाखवत असताना मी सिलिंडर बदलत बसले होते. त्या दिवसापासून प्रत्येक फ्लास्कवर रक्तदात्याचा क्रमांक लिहिते आणि प्रत्येक प्रयोगात दुसऱ्या दात्याच्या रक्ताची जोडी ठेवते. तुम्ही विदर्भातले असाल आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल, तर प्रयोगशाळेची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात करून घ्या. लग्नाआधी तर नक्कीच. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे सिकलसेलचं रुग्ण, असण्याची शक्यता चारात एक असते.

मलेरियातून कॅन्सरकडे कशी गेलीस, हेही बरेच विचारतात. वाट एका प्रथिनावरून गेली. फाल्सिपेरमची वाढलेली पेशी रक्तात फिरत राहिली तर प्लीहा तिला गाळून काढते. म्हणून परोपजीवी आपली प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर पाठवतो आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. गरोदर बाईत ती वारेत चिकटते. तिथे ज्या प्रथिनाचा हात असतो त्याला व्हीएआर2सीएसए म्हणतात, आणि ते वारेवरच्या एका खास प्रकारच्या साखरेच्या साखळीला धरतं. पहिलटकरणीला मलेरिया का जड जातो त्याचं एक कारण हेच; तिच्या शरीरानं या प्रथिनाशी आधी कधी झुंज दिलेली नसते. 2015 साली कोपनहेगनचे अली सालांती आणि व्हँकुव्हरचे मॅड्स डॉगार्ड यांच्या गटांनी दाखवलं की तशीच साखळी अनेक प्रकारच्या कर्करोगाच्या पेशींवरही असते. मलेरियाचं ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवून त्याला विषारी औषध जोडलं, तेव्हा उंदरांमधल्या गाठींची वाढ रोखली गेली. वारही झपाट्यानं वाढते आणि गाठही, म्हणून दोघींच्या अंगावर एकच खूण असावी. तो शोधनिबंध मी वसतिगृहाच्या गच्चीवर वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही. आईनं ज्या गरोदर बायांची बोटं टोचली होती, त्यांच्या वारेत बसलेली गोष्ट कॅन्सरची पेशी ओळखायला कामी येऊ शकते, हे मला फार मोठं वाटलं. आजही वाटतं. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते, हे नव्या माणसानं पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावं.

पीएचडीनंतर मी कार-टी पेशींच्या कामात आले. थोडक्यात असं: रुग्णाच्या रक्तातून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करतात, रोग पसरवू न शकणाऱ्या विषाणूकडून त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, म्हणजे त्या पेशी कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखू लागतात; मग त्या वाढवून परत त्याच रुग्णाला देतात. आपल्या देशातला असा पहिला उपचार, नेक्सकार19, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिला. त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. परदेशातल्या किमतीच्या मानानं तो फार स्वस्त आहे, तरी लाखांत आहे.

गावात मी हे सांगते तेव्हा पहिला प्रश्न खर्‍याच्या कॅन्सरचा येतो. आमच्याकडे पोरंसोरं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खातात आणि चाळिशीच्या आत तोंड उघडेनासं होतं. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं की हा उपचार बी पेशींच्या, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांसाठी आहे, तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही. घट्ट गाठीत टी पेशी शिरणं, तिथे टिकणं आणि निरोगी पेशींना न दुखावणं, या तिन्ही अडचणी अजून उभ्या आहेत. तुम्ही या क्षेत्रात आलात की गावाकडून, नात्यातून फोन येतील. खोटी आशा देऊ नका. फोन ठेवण्याआधी त्यांना कर्करोग रुग्णालयाचा रस्ता आणि सरकारी योजनेची माहिती द्या. ती तुमच्याकडे तयार असू द्या.

दोन्ही कामांत एक फरक मला पहिल्याच महिन्यात अंगावर आला. परोपजीवीचा फ्लास्क बिघडला तर द्रव नायट्रोजनमधली दुसरी कुपी काढता येते. इथे पिशवीवर एका माणसाचा क्रमांक असतो. आधीच्या किमोनं त्याच्या टी पेशी कमी झालेल्या असतात आणि पुन्हा काढायला वेळ राहिलेला नसतो. म्हणून प्रत्येक पायरीवर दोन सह्या, प्रत्येक बाटलीचा लॉट क्रमांक, शुद्ध कक्षात जाताना अंगभर झाकणारा पोशाख. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांना हे काम जड जाईल. ज्यांना नोंदी नीट ठेवायची सवय आहे त्यांच्यासाठी इथे पीएचडीशिवायही जागा आहेत: पेशी वाढवणारे, गुणवत्ता तपासणारे, कागदपत्रं सांभाळणारे. एमएस्सीनंतर थेट या वाटेनं गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

परीक्षांचं आता लवकर आटोपते. एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी, आयआयटीसारख्या ठिकाणांसाठी जॅम. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा, शिवाय केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीची परीक्षा, टीआयएफआरची वेगळी. नेटच्या जीवशास्त्राच्या पेपरात सी भागात 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे असतात आणि निम्मे गुण तिथेच असतात. ते पाठांतरानं सुटत नाहीत, प्रयोगाची आकृती वाचता यावी लागते. जेआरएफचे महिन्याला 37,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. पैसे मात्र दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून चालू नका. माझे एकदा सात महिने अडकले होते, आणि तेव्हा बाबांनी धान विकून पैसे पाठवले. सुरुवातीच्या महिन्यांतले थोडे बाजूला ठेवा.

इंग्रजीची भीती खरी आहे, ती मी नाकारणार नाही. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. मला उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा: रोज एका निबंधातली एकच आकृती घेऊन, तिच्यात काय दिसतंय ते आधी मराठीत पाच ओळी लिहायचे, मग इंग्रजीत. मराठीत लिहिता आलं नाही तर समजायचं की अडचण भाषेची नाही, विषय कळलेला नाही.

प्रयोगशाळा निवडताना तिथल्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांशी बोला, मार्गदर्शकांशी नंतर. किती वर्षं लागली, आजारी पडलं तर फ्लास्क कोण बघतं, चूक सांगितली तर काय होतं, एवढं विचारा. चूक लपवावी लागते अशा ठिकाणी जाऊ नका, नाव कितीही मोठं असो. आणि माणसाच्या रक्ताला हात लावण्याआधी हिपॅटायटिस बीच्या तिन्ही लसी घेऊन ठेवा.

हे सगळं पुढचं. आज बीएस्सीला असाल तर पावसाळ्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, लॅब टेक्निशियनना त्यांचं काम आटोपल्यावर विचारा आणि पीएफची एक जुनी स्लाइड बघा. रुग्णाचं नाव वाचू नका, लिहून घेऊ नका. भिंगाखाली गुलाबी-करड्या पेशींची गर्दी दिसेल. त्यात एखादीच्या आत, बहुधा कडेला, निळसर बारीक अंगठी आणि तिच्यावर लालसर खडा. मोठे, फुगलेले परोपजीवी बहुतेक दिसणार नाहीत. ते शरीरात कुठेतरी भिंतीला चिकटून बसलेले असतात, हे तुम्हाला आता माहीत आहे. टेक्निशियनना विचारा, या स्लाइडवर शंभर पेशींत किती निघाले. मग मागे सरकू नका, स्वतः मोजा.