कड्यावरच्या हॉटेलात तळ्याकडची खोली घेताना

‘लेक व्ह्यू’ एवढ्या शब्दावर बुकिंग करू नका. खिडकीतून तळं दिसतं की बाल्कनीच्या कोपऱ्यातून मान वाकडी करून, हे फोनवर स्पष्ट विचारा आणि त्याच खोलीचा फोटो मागवा. खालच्या मजल्यावर झाडं आड येतात. रिसेप्शनपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, तेही विचारा. कड्यावरची हॉटेलं उतारावर टप्प्याटप्प्यानं बांधलेली असतात, लिफ्ट असेलच असं नाही. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर हा प्रश्न आधी.

घाटरस्ता उजेडी संपवा. दर १००० मीटर चढाईला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यात कड्यावरचा वारा. म्हणून जाड स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवंच. उंची २५०० मीटरच्या वर असेल तर पहिल्या दिवशी दमछाक टाळा, पाणी भरपूर प्या, मद्य नकोच.

फोटोसाठी पहाट बरी: वारा पडलेला असतो, पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब स्थिर दिसतं. काचेतून काढताना खोलीतले दिवे बंद करा, लेन्स काचेला टेकवा, नाहीतर फोटोत तळ्याऐवजी तुमचाच पलंग येतो. उबेतून कॅमेरा थेट बाहेर नेला तर काही होत नाही. गारठ्यातून आत आणला की मात्र लेन्सवर बाष्प धरतं. आत येण्याआधी तो पिशवीत बंद करा.

बाल्कनीत ओले कपडे वाळत घालू नका, दरीतून परत येत नाहीत.