पाळलेल्या सापाला खायला घालताय? या चुका टाळा

“दादा, साप खात नाहीये, काय करू?” दिवाळी उरकली आणि गोदाकाठी सकाळचं धुकं दिसायला लागलं की नाशिकच्या साप पाळणाऱ्यांमध्ये हा प्रश्न हटकून फिरायला लागतो. विचारणाऱ्याने तोवर उंदीर बदललेला असतो, मोठा आणून पाहिलेला असतो, जिवंतही सोडून पाहिलेला असतो. पेटीतलं तापमान मात्र पाहिलेलं नसतं. सापाच्या खाण्याच्या बहुतेक तक्रारी अशाच असतात: साप ठीक असतो, पेटी थंड असते आणि माणसाला घाई झालेली असते.

इथे साप म्हणजे बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे रीतसर कागदपत्रांसह घेतलेले परदेशी साप. नाग, धामण, मांडूळ, आपला अजगर, अगदी अंगणात सापडलेला बिनविषारी तस्करसुद्धा घरात ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. असा साप घरात शिरला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं. बॉल पायथन सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा “कागद नंतर देतो” म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा.

पेटी थंड आणि पोटात उंदीर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच. सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. गिळलेला उंदीर पचवायला लागणारी उष्णता बाहेरूनच मिळावी लागते. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली सहज जातो, निफाडकडे तर ५-६ पर्यंत. आपण स्वेटर घालतो, पेटीतला साप काय करणार?

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ लागते, रात्रीही २४ च्या खाली जाऊ द्यायची नाही. कॉर्न स्नेक थोडा काटक. गरम बाजू २९-३० आणि थंड बाजू २३-२४ असली तरी त्याचं भागतं. पेटी याहून थंड राहिली तर साप एक तर खात नाही, किंवा सवयीने खातो आणि मग उंदीर पचण्याऐवजी पोटातच सडायला लागतो. दोन-चार दिवसांनी सकाळी पेटी उघडली की आधी वास येतो. कोपऱ्यात केस चिकटलेला, ओढून लांब केल्यासारखा, अर्धवट विरघळलेला गोळा पडलेला असतो. साप पाण्याच्या भांड्याजवळ आणि पाणी गढूळ.

इथे दुसरी चूक होते. “बिचाऱ्याच्या पोटात काहीच राहिलं नाही” म्हणून लगेच दुसरा उंदीर दिला जातो. तसं अजिबात करू नका. ओकताना पोटातलं आम्ल वर येतं, अन्ननलिका भाजते, पचनाला मदत करणारे जंतूही कमी होतात. १० ते १४ दिवस फक्त ताजं पाणी, हाताळणी बंद आणि तापमान दुरुस्त. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. ते टिकलं तर पुढच्या काही वेळा आकार हळूहळू वाढवा. पुन्हा ओकला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा.

हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, लावली म्हणजे झालं, असंही नाही. तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट पन्नाशीपर्यंत तापू शकते, आणि साप भाजेपर्यंत तिच्यावरून हलत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, साप जिथे बसतो तिथे हवा. तो पेटीच्या भिंतीवर अधांतरी लटकत असेल तर आकडा खोटाच दिसणार. आणि पेटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे आजच पाहून घ्या. पुष्कळ घरांत दिवा-पंखा इन्व्हर्टरवर असतो, कोपऱ्यातला प्लग नसतो. उद्या दिवसभर वीज बंद राहणार असं कळलं असेल, तर आज खायला घालूच नका. खाऊन झाल्यावर वीज गेली, तर पेटीवर गोधडी टाका, हवेला थोडी फट ठेवा आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पेटीला बाहेरून लावा.

एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. चाळिशीच्या उन्हात वरच्या मजल्यावरची बंद खोली इतकी तापते की साप थंड बाजूला जाऊन पडून राहतो आणि खात नाही. तेव्हा हीट मॅट बंद ठेवून खोली गार करायची.

जिवंत उंदीर पेटीत सोडणं

“निसर्गात जिवंतच खातो ना?” हो, पण निसर्गात सापाला पळायला जागा असते. काचेच्या पेटीत भुकेला उंदीर आणि खायची इच्छा नसलेला साप रात्रभर एकत्र राहिले, तर सकाळी जखमी साप सापडतो. उंदीर सापाची पाठ कुरतडतो, डोळा फोडतो, आणि बॉल पायथन नुसता गोल गुंडाळून बसतो. या जखमा चिघळून साप मेल्याची उदाहरणं आहेत. शिवाय उंदराचेही हाल होतात, तेही मोजायला हवेत. गोठवलेला उंदीर हाच सरळ मार्ग. साप जिवंतावरच वाढलेला असेल तर ताजा मारलेला देऊन हळूहळू त्याला गोठवलेल्यावर आणता येतं. वेळ लागतो, पण जमतं.

गोठवलेल्या उंदराचा बर्फ नीट न सोडवणं

मुंबईहून मागवलेलं पार्सल आधी नीट पाहा. कसाऱ्याचा घाट चढून येईपर्यंत बर्फ विरघळला असेल, उंदीर एकमेकांना चिकटले असतील, पिशवीत लालसर पाणी साचलं असेल, तर ते पुन्हा फ्रीजरमध्ये टाकून वापरायचे नाहीत. पैसे गेले तरी चालतील.

खायला घालण्याच्या आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून काढून घट्ट झिपच्या पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिशवी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा, पाणी निवलं तर बदला. मग पिशवीतूनच उंदराचं पोट बोटाने दाबून बघा. कातडी मऊ लागते, पण आत खडा असल्यासारखं टणक लागलं तर मधला भाग अजून बर्फच आहे. तसाच दिला तर बर्फाचा गोळा सापाच्या पोटात जातो. पूर्ण मऊ झाला की टिश्यूने कोरडा करा. अंग ३७-३८ अंश असावं, डोकं किंचित जास्त गरम. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. त्याला आधी ऊब कळते, मग उंदीर. गार उंदीर म्हणजे त्याच्या लेखी पेटीत पडलेली एक वस्तू. तरी नाही म्हणाला तर हेअर ड्रायरने फक्त डोकं दोन क्षण तापवा.

मायक्रोवेव्ह नाही, उकळतं पाणीही नाही. उंदीर आतून शिजतो, पोट फुटतं आणि मग तो वास सगळ्या घराला कळतो. एकदा बर्फ सोडवलेला उंदीर सापाने नाकारला तर टाकून द्या.

आता फ्रीजचा विषय. श्रीखंडाच्या डब्याशेजारी उंदरांचा डबा ठेवून घरातली शांतता टिकेल, अशी अपेक्षा करू नये. घरच्यांचं बरोबरच आहे. उंदीर आणि साप दोघांकडूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. जुना छोटा फ्रीजर मिळाला तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा, नाव लिहिलेला वेगळा डबा. वाडगा, चिमटा, कात्री स्वयंपाकघरातली नकोत आणि ती धुवायची जागाही ओट्याची नको. नंतर हात साबणाने धुवायचे.

मोठा घास आणि रोजचा लाड

भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर किंचित जास्त. वजनात मोजायचं तर पिल्लाला त्याच्या वजनाच्या १०-१५ टक्के, मोठ्याला ५ टक्क्यांच्या आसपास. पिल्लांना आठवड्यातून एकदा, पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं. “तो मागतो म्हणून देतो” हे कारण चालणार नाही, कॉर्न स्नेक कधीही मागतो. कणा बुडून पाठ सपाट-गोल झाली, शेपटीच्या आधी चरबीच्या वळ्या दिसू लागल्या की साप देखणा नव्हे, लठ्ठ झालाय. स्वयंपाकाचा डिजिटल काटा मिळतो तसा एक सापासाठी वेगळा घ्या आणि दर महिन्याला ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. पुढे सगळे वाद हा आकडाच मिटवतो.

हाताने भरवणं, वेगळ्या डब्यात हलवणं

कमीत कमी ३० सेंटिमीटर लांबीचा चिमटा वापरा. उंदीर शेपटीच्या बाजूने धरा, डोकं सापाकडे. समोरून तोंडावर आदळायचा नाही. थोड्या अंतरावरून, जमिनीलगत, हळू सरकवायचा. सापाची जीभ भराभर चालू लागते, मान इंग्रजी एससारखी मागे दुमडते. त्या क्षणी तुम्ही थांबायचं. झेप बसली, वेटोळं पडलं की चिमटा सोडा आणि मागे या. मेलेल्या उंदरालाही तो बराच वेळ आवळून धरतो, मग तोंड चाचपडत डोकं शोधतो. इथे “मदत” करायला जाणारेच साप बिथरवतात. चुकून जबड्यात पेटीत अंथरलेला थोडा भुसा गेला तर घाबरू नका, पण शक्यतो सपाट फरशीच्या तुकड्यावर खायला द्या.

“पेटीत खायला घातलं तर साप चावरा होतो, म्हणून वेगळ्या डब्यात न्या” हा सल्ला जुना आहे आणि मला तो पटत नाही. खाण्याआधी उचलायचं, अनोळखी डब्यात टाकायचं, आणि पोट भरल्यावर पुन्हा उचलून परत आणायचं, यात तीन वेळा ताण. दुसरा साप त्याच पेटीत असेल तरच वेगळं करा. खरं तर दोन साप एका पेटीत ठेवूच नयेत. हात म्हणजे खाणं नव्हे, हे शिकवायचं असेल तर उचलण्याआधी काठीच्या बोथट टोकाने अंगाला हलका स्पर्श करा. काही दिवसांत त्याला फरक कळतो.

पाहुणे, पोरं, रीलचा कॅमेरा हे सगळं त्या संध्याकाळी खोलीबाहेर. दिवा मंद, लपायची जागा जागेवर, आणि नंतर ४८ तास सापाला हात नाही. हातालाच चावला आणि सोडत नसेल तर ओढू नका. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. तोंडावर गार पाण्याची बारीक धार सोडा, तो सोडतो. जखम साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवा.

दूध, चिकन आणि घरातला उंदीर

श्रावणात नागपंचमीला कोणीतरी वाटी घेऊन येतंच. साप दूध पचवू शकत नाही. तहानलेला साप पाण्याऐवजी ते पितो आणि आजारी पडतो. चिकनचे तुकडे दिले तर हाडं, यकृत, आतडी या सगळ्यातून मिळणारं पोषण राहून जातं. म्हणून अख्खं भक्ष्य. गोदामात, माळ्यावर पकडलेला उंदीर तर कधीच नाही. त्याने विषारी गोळी खाल्लेली असेल तर तेच विष सापाच्या पोटात जातं.

न खाणं म्हणजे दरवेळी आजार नव्हे

डोळे दुधाळ-निळसर झाले असतील तर साप कात टाकणार आहे, तेवढे दिवस सोडा. नव्या घरी आल्यावर पहिला आठवडा खाण्याचं नावच काढू नका. बॉल पायथन, विशेषतः वयात आलेले नर, थंडीत महिनेच्या महिने उपास करतात, आणि वजन टिकून असेल तर त्यात काही बिघडत नाही. दर दोन दिवसांनी उंदीर नाचवत राहिलं तर तो अधिकच नाही म्हणतो. आठ-दहा दिवसांनी एकदा विचारा, नको म्हणाला तर पेटी बंद करा. तोंड उघडून जबरदस्तीने घास कोंबणं हे पशुवैद्याचं काम, तेही शेवटचं.

वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं, तोंडात फेस किंवा चिकट लाळ दिसली, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, किंवा खवल्यांखाली काळे ठिपक्यांएवढे माइट्स, म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडे, चालताना दिसले तर वाट पाहू नका. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप तपासतोच असं नाही, म्हणून साप धडधाकट असतानाच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून विचारून ठेवा. जाताना वजनाची वही, पेटीच्या दोन्ही बाजूंचं तापमान, शेवटची विष्ठा, आणि ओकला असेल तर तो गोळाही झिपच्या पिशवीत बांधून न्या. साप कापडी पिशवीत, पिशवी हवा जाईल अशा डब्यात, आणि थंडीचे दिवस असतील तर डब्याच्या बाहेरून गरम पाण्याची बाटली.