बॅटरी बदलण्याआधी: जुन्या गाडीसाठी एक रात्र आणि एक सकाळ

निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिकच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून सकाळी एकच आवाज ऐकू येतो. सेल्फ दोनदा घरघरतो आणि मग नुसती टकटक. थंडीने इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते आणि एप्रिल-मेच्या उन्हाने आतून पोखरलेली बॅटरी डिसेंबरात उघडी पडते. मी दहा वर्षं वापरलेली गाडी घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात नवी बॅटरी टाकली. पंधरा दिवसांनी लग्नासाठी एसटीने सिन्नरला गेलो, तीन दिवसांनी परत आलो तर गाडी पुन्हा बंद. बॅटरीत काहीच दोष नव्हता. आधीच्या मालकाने बसवलेला ॲम्प्लिफायर चावी काढल्यावरही करंट खात होता. ते पैसे वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी सामान जमवा. १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, थोडं व्हॅसलीन, डोळ्यांना चष्मा, रबरी हातमोजे, वही-पेन आणि डिजिटल मल्टीमीटर. मीटर साधा चालेल, पण त्याला १० अँपिअरचं वेगळं भोक हवं आणि चिमट्याच्या दोन वायरी असल्या तर फारच सोय होते. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी किंवा सिगारेट नको. चावी गाडीत राहू देऊ नका, कारण बॅटरी परत जोडताना काही गाड्यांचं सेंट्रल लॉक आपोआप लागतं. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

संध्याकाळी टर्मिनलपासून, म्हणजे बॅटरीवरच्या दोन खुंटांपासून सुरुवात करा. पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह; जोडताना बरोबर उलटं. निगेटिव्ह आधी सुटला की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. कोमट पाण्यात सोडा कालवून ब्रशने घासा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि इंजिनला गेलेली अर्थची वायरही तशीच साफ करा. टकटक करणाऱ्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुरू होतात.

आता खरं काम, म्हणजे गुपचूप होणारी गळती शोधणं. यात घाई अजिबात चालत नाही. बोनेट उघडं ठेवा, दारं-डिक्की लावा, चावी गाडीपासून लांब ठेवा. निगेटिव्ह केबल सोडवा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर १० अँपिअरवर घ्या आणि एक चिमटा केबलला, दुसरा बॅटरीच्या खुंटाला लावा. गाडीतला सगळा करंट आता मीटरमधून जातोय, म्हणून या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही आणि हेडलाइटही लावायचे नाहीत. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. अर्धा तास थांबा, कारण गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलीअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. माझ्या गाडीत ४०० येत होता. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशोबाने साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ फिरण्याइतकी ताकद तर त्याच्या कितीतरी आधी संपते. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, गळती त्या लाइनवर. सेकंडहँड गाडीत पहिला संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर घ्या: म्युझिक, रिव्हर्स कॅमेरा, अलार्म, जादा हॉर्न. पिळून टेप गुंडाळलेले जोड बहुधा तिथेच सापडतात. डिक्कीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे आत मोबाइल ठेवून व्हिडिओ काढून बघा. एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरचा (गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) डायोड गळत असू शकतो. तो वायरमनच्या हातचा आहे. काम झालं की मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. विसरलात आणि तसाच मीटर बॅटरीवर लावलात तर थेट शॉर्ट होईल.

रात्री केबल जोडा, बोनेटचा खटका आतून ओढून ठेवा आणि गाडी लॉक करा, म्हणजे सकाळी दार उघडून दिवा लागण्याआधीच माप घेता येईल. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. कमी आकडा म्हणजे खराब बॅटरी असं मात्र लगेच समजू नका. आधी ती चार्जरवर पूर्ण भरा (३५ च्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरने) आणि काही तासांनी पुन्हा मोजा.

मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. भरलेली बॅटरी सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली गेली तर ती थकली आहे. आकडा ११ च्या वर राहतो आणि नुसती टकटक होते, तर बॅटरीत जीव आहे पण करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. अशा वेळी मीटरचं एक टोक निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं तर अर्थच खराब आहे. अर्थ ठीक असेल तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणाऱ्या खटक्यात) किंवा पॉझिटिव्ह केबलमध्ये.

गाडी सुरू झाली की बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. तिथून घसरून १२ कडे गेलं तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा भाग. चावी फिरवल्यावर, गाडी सुरू होण्याआधी, बॅटरीचा लाल दिवा लागतो ना तेही पाहा. जुन्या बऱ्याच गाड्यांत तो बल्ब गेला तर अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करत नाही.

त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरलेली गाडी असेल तर पायाखालचं कार्पेट दाबून ओल बघा. द्राक्षबागेशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा.

सगळे आकडे वहीत लिहून मगच वायरमनकडे जा. तोही मग अंदाजाने सुटे भाग बदलत बसत नाही. कप्प्यात जादा फ्यूज ठेवा, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. जो उडाला त्याच आकड्याचा लावा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून कसारा घाट उतरायचं धाडस करू नका, त्याने वायरिंग पेट घेतं.