काटकसर करूनही हातात पैसे उरत नाहीत? घरातल्या या चुका टाळा

कळवा स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी साडेसातला भाजीवाल्या मावशींची आवराआवर सुरू झालेली असते. "मेथी कशी दिली, मावशी?" "वीसला एक, पन्नासला तीन. घे ताई, शेवटच्याच आहेत." मी तीन जुड्या घेतल्या. दहा रुपये वाचले म्हणून. त्या रात्री एका जुडीची भाजी झाली. दुसरी तीन दिवसांनी काढली तर निम्मी पिवळी पडलेली. तिसरी पिशवीतच लिबलिबीत झाली, ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेली. घरात खाल्ली दीड जुडी आणि गेले पन्नास रुपये. दोनच घेतल्या असत्या तर चाळिसात भागलं असतं.

घरखर्चाची वही मी चौदा वर्षं लिहिते आहे. त्या दिवशीच्या नोंदीत "भाजी ५०" एवढंच होतं. फेकलेल्या मेथीचा त्यात पत्ता नव्हता. तेव्हापासून समासात लाल पेनाने मी टाकलेल्या वस्तूही लिहायला लागले, आणि दोन महिन्यांत लक्षात आलं की आमच्या घरातली गळती बाजारात होतच नव्हती. मी भावावर घासाघीस करत होते आणि पैसे घरात आल्यावर, वापरताना वाया जात होते. खालच्या बहुतेक चुका त्याच जातीच्या आहेत. यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

पालेभाजीचं आधी सांगते. उद्या निवडायला वेळ आहे का, हा प्रश्न भाव विचारायच्या आधी स्वतःला विचारायचा. घरी आल्यावर जुडी सोडून पिवळी पानं काढायची आणि न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची. धुऊन ठेवली की सडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नाला लागणं चांगलं नाही. आणि फ्रीजमध्ये समोरच्या बाजूला एक डबा "आधी हे संपवा" म्हणून ठेवा. अर्धा टोमॅटो, वाटीभर उसळ, उरलेलं खोबरं, सगळं त्यात. मागच्या कप्प्यात गेलेली वस्तू कोणाला आठवत नाही.

वर्षाचं धान्य एकदम भरणं

आमच्या सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या. तिकडे मे महिन्यात वर्षाचे गहू-ज्वारी उन्हात वाळवून कोठीत भरली की पुढच्या मेपर्यंत बघायला नको. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही तसंच केलं. पन्नास-पन्नास किलोचे दोन कट्टे गहू, दहा किलो तूरडाळ, पाच किलो रवा. ऑगस्टमध्ये डब्याचं झाकण उघडलं तर गव्हाच्या वरच्या थरात पीठ दिसलं आणि त्यात काळे सोंडे चालत होते. रव्याला जाळी धरली होती. सासूबाईंना फार वाईट वाटलं, पण चूक त्यांच्या पद्धतीची नव्हती. माणची हवा कोरडी आहे. आपण खाडीच्या काठावर राहतो, जुलैत भिंतीलाही ओल येते आणि दाणा हवेतली ओल शोषून घेतो. शिवाय सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते. त्यामुळे दुकानातून आणलेले स्वच्छ, चाळलेले गहूसुद्धा अंडी घेऊनच घरी आलेले असू शकतात. दमट उबेत ती फुटतात.

ठाणे-नवी मुंबईतल्या घरात दोन-तीन महिन्यांपुरतं धान्य ठेवणं पुरेसं. मेमध्ये गच्चीवर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम धान्य भरलं तर आतल्या आत वाफ धरते. एका मोठ्या पिंपापेक्षा पाच-पाच किलोचे घट्ट झाकणाचे डबे बरे, म्हणजे एकाला कीड लागली तरी बाकीचे वाचतात. तूरडाळीला एरंडेल चोळा, तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला. बोरिक पावडर मी वापरत नाही, पोटात जाणाऱ्या वस्तूत ती नको. रवा, बेसन, मैदा यांचा महिन्यापेक्षा जास्त साठा करूच नका. रवा आणला की कोरडा भाजून ठेवायचा, किंवा पाकीट चार दिवस फ्रीझरमध्ये. कीड लागलीच तर सगळं फेकायची घाई नको: गहू चाळून, पाखडून, उन्हात घालून लगेच दळून आणता येतात. जाळी धरलेला रवा मात्र टाकून द्या.

घाऊक खरेदीचंही असंच. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारात, कांदा-बटाटा मार्केट आहे, धान्याचं दाणाबंदर आहे, मसाला मार्केट आहे, आणि भाव खरंच उतरलेला असतो. पण गोणीभर कांदा एका घरात पावसाळ्यात टिकत नाही, कोंब येतात नाहीतर काळी बुरशी. त्यात रिक्षाचं भाडं. आमच्या मजल्यावरची चार घरं मिळून आणतो तेव्हाच ते परवडतं. ठाण्यात जांभळी नाक्याला महिन्याचा किराणा आणि उन्हाळ्यात मसाल्याची मिरची, एवढी फेरी मला पुरते. मसाला मात्र वर्षाचाच करावा. डंकावर कुटून आणलेला, बरणीत दाबून भरलेला मसाला ओला चमचा लागला नाही तर वर्षभर छान राहतो.

विजेचं बिल: रक्कम नको, युनिट बघा

"दिवे बंद करतो, तरी बिल तेवढंच येतं," ही तक्रार आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात आहे. कारण आपण ओरडतो दिव्यावरून. ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास विनाकारण चालू राहिला, तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. सकाळी सहाला चालू करून सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत तो तसाच ठेवला, तर टाकीतलं पाणी थंड होत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवतो. एकामागून एक आंघोळी उरका आणि बटण बंद करा. आपल्याकडे मार्चपासून पुढे तर नळाचंच पाणी कोमट येतं.

सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे डोक्यावरचा पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. घामाच्या दिवसांत तो अठरा तास फिरतो, म्हणजे रोज १.३५ युनिट, महिन्याला चाळीस. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॅटवर तेवढीच हवा देतो, महिन्याला सोळा युनिट. एका पंख्यामागे चोवीस युनिटांचा फरक पडतो. आता महावितरणच्या बिलातले टप्पे बघा: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याला दर चढतो. पुष्कळांचा समज आहे की ३०१ वा युनिट पडला की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही, वरच्या टप्प्यात गेलेल्या युनिटांनाच तो लागतो. पण म्हणूनच वाचलेला युनिट तुमच्या सगळ्यांत महाग टप्प्यातला असतो. त्या दराने चोवीसला गुणा, पंखा किती महिन्यांत फिटतो ते तुमचं तुम्हाला कळेल. त्यासाठी चालू पंखे एकदम बदलू नका. जो सगळ्यांत जास्त फिरतो तो आधी.

फ्रीज रात्री बंद ठेवणाऱ्या दोन घरी मी गेले आहे. कृपा करून हे करू नका. सकाळी तो सगळा गारवा पुन्हा तयार करायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, आणि आपल्या उकाड्यात दूध, वरण, मळलेली कणीक नासते. त्यापेक्षा दाराचं रबर तपासा. दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आला तर रबर सैल झालं आहे, ते बदलायचा खर्च वसूल होतो. एसी असेल तर २४ अंशांवर आणि सोबत पंखा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. एसीची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवा.

एवढं करूनही युनिट उतरत नसतील तर ही तपासणी करा. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज, वायफाय आणि सेट टॉप बॉक्ससुद्धा प्लगमधून काढा. मग खाली मीटरच्या खोलीत जाऊन आपल्या मीटरवरचा लाल दिवा बघा. काहीच चालू नसताना तो लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे. मग इलेक्ट्रिशियन बोलवा. नाहीतर महिनाभर दर रविवारी ठरल्या वेळी रीडिंग लिहा, कुठल्या आठवड्यात उडी पडते त्यावरून यंत्र सापडतं. आणि बिलावर शेवटच्या तारखेसोबत लवकर भरण्याची तारीख आणि तेव्हाची कमी रक्कमही छापलेली असते, ती वाचा.

पाणी, गॅस, तेल

नणंद नेरुळला राहते. विक्रेत्याच्या सांगण्यावरून तिने पाणी शुद्ध करायचा आरओ बसवला. दर वर्षी त्याची सर्व्हिस, फिल्टर, मेम्ब्रेन, आणि एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत. नवी मुंबईच्या बहुतेक भागाला महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी येतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्याच्या पेनाने मोजलं तर आकडा शंभराच्याही खाली आला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत टीडीएस चालतो. अशा पाण्याला आरओची गरज नसते, जंतूंसाठी यूव्ही किंवा उकळणं पुरतं. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्या टँकर किंवा बोअरिंगचं पाणी मिसळतात, तिथे गोष्ट वेगळी. म्हणून यंत्र घ्यायच्या आधी स्वतःच्या नळाचं पाणी मोजा, आणि उन्हाळ्यात एकदा पुन्हा मोजा.

गॅसची ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं बुजली आहेत, भांडी काळी पडतात आणि गॅस वाया जातो. पिनेने साफ करा. डाळ-कडधान्य भिजवून कुकरला लावा, फ्रीजमधलं दूध अर्धा तास आधी बाहेर काढा. सिलिंडर घेताना वजन करून मागा: आत १४.२ किलो गॅस हवा, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं ही काटकसर नाही. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढत जातात, त्यांची मर्यादाच सरकारने २५ टक्के ठरवून दिली आहे. घरी आपण ते मोजू शकत नाही. म्हणून कढईच लहान घ्यावी, तेल बेताचं घालावं, आणि उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवावं.

लोकलने रोज ठाणे-वाशी करणाऱ्यांनी दर महिन्याला पास काढणं थांबवावं. तिमाही पास मासिकाच्या २.७ पटीत मिळतो, रांगही एकदाच.

जिथे काटकसर करायचीच नाही

आमच्या शेजारचे काका निवृत्त झाल्यावर रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले. पट्टी जास्त दिवस पुरावी म्हणून. घरात कोणालाच सांगितलं नाही. एका सकाळी चक्कर येऊन पडले, चार दिवस रुग्णालयात काढले, आणि त्या बिलात त्यांच्या कित्येक वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. ते आठवलं की आजही मन कासावीस होतं. औषध महाग पडत असेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा. औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा, तेच औषध तिथे पुष्कळ स्वस्त मिळतं. गोळी चुकवायची नाही. आरोग्य विम्याचा हप्ताही असाच, एक वर्ष निरोगी गेलं म्हणून तो बंद करू नका.

आणि क्रेडिट कार्डाची "मिनिमम" रक्कम भरून बाकी पुढे ढकलत असाल, तर वरचं काहीही करण्याआधी ते फेडा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळिसाच्या घरात व्याज जातं. कोथिंबिरीवर वाचवलेले पाच रुपये त्यापुढे टिकत नाहीत.

वाचलेले पैसे दिसत नाहीत

हे मला सगळ्यांत उशिरा उमगलं. बिल कमी आलं तरी तो फरक खात्यातच राहतो, आणि यूपीआयने चहा, रिक्षा, मुलीचं स्टेशनरी सामान यात महिनाअखेर जिरून जातो. म्हणून मी एक वेगळं बचत खातं ठेवलं आहे, त्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि त्याचं कार्ड कपाटात असतं. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीचा हप्ता त्यातूनच जातो. तो शंभर रुपयांपासून सुरू करता येतो, पण झेपेल तेवढाच लावा, मध्ये मोडली तर व्याजाचं नुकसान होतं. पगार झाला की ठरलेली रक्कम आधी त्या खात्यात. आणि विजेचं बिल आलं की गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढून बघायचं. जेवढं कमी आलं असेल तेवढेही त्याच दिवशी तिकडे पाठवायचे. गेल्या महिन्यात ते तीनशे चाळीस रुपये होते.