गाडी पाणी खातेय पण खाली एक थेंब नाही? मग असं शोधा

मेकॅनिकने एकदा "गाडी पाणी खातेय" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलायला लागेल." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) माझ्या वीस वर्षं जुन्या डिझेल गाडीचं पण तेच झालं. पंधरा दिवसांत अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गायब, पार्किंगची फरशी कोरडीठाक, आणि खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा वर वर. शेवटी निघालं काय, तर इंजिनच्या मागून हीटरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपला सुईएवढं भोक! म्हणून सांगतो, कुणाला हेडला हात लावू देण्याआधी हे सगळं करून बघा, अर्ध्याहून जास्त गोष्टी तर घरीच होतात.

पहिली गोष्ट, गरम गाडीचं रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत प्रेशर असतं म्हणूनच ते पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नसतं, टोपण फिरवलं की प्रेशर जातं आणि सगळं तोंडावर येतं. सकाळी इंजिन एकदम थंड असताना कूलंटच्या बाटलीवर मार्करने लेव्हलची रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, आणि रोज त्याच वेळी बघा. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आतली हवा निघून पहिले एक-दोन दिवस लेव्हल थोडी उतरते, त्याला लगेच लीकेज समजू नका.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. एसीचं पाणी पण खाली पडतं आणि लोक उगाच घाबरतात, पण ते साधं पाणी असतं, ना रंग ना वास. कूलंट बोटाला चिकट लागतं आणि वास गोडसर येतो (चाखून बघू नका, विषारी आहे). काही लीक फक्त थंडीतच होतात, म्हणजे रात्री रबर आकसतं, क्लॅम्प ढिला पडतो, पहाटे दोन थेंब पडतात आणि गाडी तापली की सगळं पुन्हा घट्ट. अशा गाडीला दुपारी गॅरेजमध्ये नेऊन काय दिसणार?

पुठ्ठा कोरडा निघाला तर टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. आता ओलं शोधायचं नाही, डाग शोधायचे. कूलंट गरम भागावर पडलं की पाणी उडून जातं आणि मागे पांढरट नाहीतर हिरवट-गुलाबी खपली राहते. प्रत्येक होजचं (रबरी पाइपचं) टोक बघा, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचं हाउसिंग. वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून पाझरतं, तिथून खाली डागाची रेघ गेलेली दिसली तर पंप गेला समजा. इंजिन ब्लॉकमध्ये ठोकलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या पण जुन्या गाडीत गंजतात, आणि त्यातली एखादी नेमकी गिअरबॉक्सच्या बाजूला लपलेली असते.

मग गाडीच्या आत बसा. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलसर लागतंय का, हीटर लावला की गोड वास येतो का, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं का? मग हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. हे महाग काम आहे, बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड काढायला लागतो.

एवढं करून पण सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. टोपणाच्या जागी एक हातपंप बसवतात, टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो (बारमध्ये, ०.९ म्हणजे साधारण १३ पीएसआय) तेवढंच प्रेशर भरायचं, जास्त नाही, आणि अर्धा तास सोडून द्यायचं. काटा उतरला म्हणजे कुठेतरी जातंय. इंजिन थंड असल्यामुळे गळलेलं उडून जात नाही, माझं ते भोक असंच दिसलं, बारीक फवारा सरळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप). रोज चालताना त्याची वाफ व्हायची, मग फरशीवर काय पडणार डोंबल! टोपण पण तपासून घ्या, त्याची स्प्रिंग ढिली झाली की सगळं ओव्हरफ्लो पाइपमधून बाहेर. यूव्ही डाय पण मिळतो, कूलंटमध्ये टाकून दोन दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची, लीक चमकतो.

बाहेर कुठेच नाही पण काटा उतरतोय, तर मग आत. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा टणक होतो का, थंडपणीच टोपण काढून स्टार्ट केलं तर बुडबुडे थांबतच नाहीत का, इंजिन ऑइल दुधाळ झालंय का, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतो का. हे असेल तर हेड गॅस्केटचा संशय खरा. तरी डिझेलवाल्यांनो, ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तरी असाच पांढरा धूर येतो, तो आधी तपासायला सांगा.

आणि ती हळद! गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकून घाट पार करणारे लोक मी पाहिलेत, अडचणीत ठीक आहे, पण तोच गाळ पुढे हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. बोअरचं पाणी तर नकोच, माझा पाइप त्यानेच सडला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं, किंवा तयार मिक्स. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे तिथली हवा पण निघते.

काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गोड लागतं म्हणून सोसायटीतली कुत्री-मांजरं पितात आणि किडनी फेल होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.